लिफ्टमन बाबा आणि ओवीचा कॉन्सर्ट

हार घातलेला फोटो टाकणार नाही. बाबांना तो बिलकुल आवडला नसता.

बाबा गेले त्याला आज वर्ष झालं. म्हणून हा फोटो, दोन वर्षांपूर्वीचा. कानात दोन्ही बोटं, मनगटावर पॉप कॉन्सर्टचा गुलाबी बँड, आणि चेहऱ्यावर 'कुठे आणून टाकलंस मला!'

दोष माझाच.
तिकिटं मी, माझी लेक ओवी आणि नवरा, अशी तिघांची होती. नवऱ्याने ऐनवेळी टांग मारली. म्हटलं, बाबा, तुम्ही चला.

"माका त्यातला काय कळतला?"
"कळायचंय काय? लालबागच्या माणसाला गर्दीची भीती?"

मीच मोठी लालबागवाली!

गायक स्टेजवर आला आणि मागून लोंढा आला. पुढे बॅरिकेड, मागे माणसंच माणसं. हात वर काढायला जागा नाही. छाती दाबली गेली. ओरडत होते, पण माझा आवाज मलाच ऐकू येईना.

आपल्या गणपतीच्या गर्दीत कुणीतरी ओळखीचा हाक मारतो, "ताई, इकडून या." इथे कोण हाक मारणार?

वाटलं, संपलं. ओवीसमोर मी मरणार.

बाबांनी माझं मनगट पकडलं. कानाला तोंड लावून विचारलं,
"आज जेवणाक काय केललंस गो?"

"बाबा, श्वास..."
"ता ऱ्हवांदे. भाजी खयची?"
"वालाची."
"मीठ?"
"वायच कमी."
"मगे, नवरो काय म्हणालो?"

मी हसले की रडले, आठवत नाही. पण श्वास आला.

थोड्या वेळाने गार्डनी बाजूचं बॅरिकेड उघडलं. बाहेर फुटपाथवर बसलो. ओवी फुगलेली, अर्धा शो बुडाला म्हणून.

बाबा तीस वर्षं गिरगावातल्या जुन्या बिल्डिंगमध्ये लिफ्टमन होते. जाळीच्या दाराची लिफ्ट, आठवड्यातून दोनदा मजल्यांच्या मध्ये अडकायची.

त्या फुटपाथवर म्हणाले, "अडाकलेल्या माणसाक जेवणाचा विचारूचा. भाजी सांगताना तो श्वास घेता."

गेल्या वर्षी आयसीयूत बाबांच्या तोंडावर घट्ट मास्क होता. ओढून काढतात म्हणून हात बांधलेले.
डोळ्यांनी मला सांगत होते, काढ.

डॉक्टर म्हणाले, काढला तर जातील.
मी नाही काढला. त्यासाठी मला अजून स्वतःचा राग येतो. रोज येतो.

शेवटी मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं.
"बाबा, आज जेवणाक काय होता?"

चार दिवस तोंडात घास नव्हता त्यांच्या. माझ्याकडे बघत राहिले. मग मास्कच्या आतून आलं,
"पेज."
"मीठ?"

हातांची ओढाताण थांबली.
"वायच कमी."

दुपारी गेले.

आज पान वाढलंय. पेज केलीय, वालाची भाजी केलीय. नैवेद्य आधी चाखायचा नसतो म्हणतात.

मी चाखला.

मीठ बरोबर आहे, बाबा. सावकाश जेवा.