बाबा ‘बाय’ म्हणाले

आमच्या घरी निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात. हे सगळ्याच मराठी घरांत असतं, पण आईच्या राज्यात त्याची कडक अंमलबजावणी होते. हिंदी मुलखातल्या आमच्या पुरानी बस्तीतून सदर बाजारात नुसत्या सेफ्टी पिना आणायला निघालेला माणूस चुकून ‘जातो’ बोलला, तर ती त्याला दारातून परत बोलावते, बसवते, घोटभर पाणी पाजते आणि मगच सोडते. मी या प्रकाराला कायम हसत आले.

बाबांच्या हृदयाची झडप बदलायची ठरली, तेव्हा डॉक्टरांनी धोका आडपडदा न ठेवता सांगितला होता. ऑपरेशनच्या सकाळी स्ट्रेचर थिएटरच्या दाराशी आलं. बाबांनी मान वळवली, आईकडे बघून हात हलवला आणि म्हणाले, “बाय!”

पुण्याच्या नातीशी रोज व्हिडिओ कॉलवर बोलून लागलेली सवय, दुसरं काय! पण आई पांढरीफटक पडली. ती स्ट्रेचरमागे धावलीच. “थांबवा! त्यायले एक मिनिट परत आणा!”

“अम्मा, बाहर बैठिए,” म्हणत नर्सने तिला अडवलं. दार बंद झालं. तसंही पाणी पाजायची सोय नव्हती, बाबा रात्रीपासून उपाशी होते.

आई बाकड्यावर बसून पुटपुटत राहिली. “येतो नाही म्हणले. आजच काहून नाही म्हणले?”

मला भीती वाटली की मी चिडते, आणि चिडले की काहीतरी शोधत बसते. मोबाइल काढला. ‘बाय’ हा ‘गुडबाय’चा उरलेला तुकडा, आणि गुडबाय म्हणजे मुळात ‘देव तुझ्यासोबत असो’ असं अख्खं वाक्य. इंग्रज ते घाईघाईने बोलत गेले आणि वाक्य झिजत गेलं. त्यातल्या ‘गॉड’चाही ‘गुड’ झाला, ‘गुड डे’च्या संगतीने. एवढं हाती लागल्यावर मला कोण आनंद!

“बघ, किती चांगलं बोलले बाबा,” मी म्हटलं. “देव तुझ्यासोबत असो, म्हणाले.”

आईने ते नीट ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळली.

“म्हणजे देव माझ्यापाशी ठेवून गेले? अन् आत त्यायच्यासोबत कोण आहे?”

“डॉक्टर आहेत ना,” असं मी म्हटलं खरं, पण मोबाइल पर्समध्ये टाकून दिला. आईची समजूत घालायला गेले आणि बाबांना आत एकटं पाडून बसले. मग आम्ही दोघी त्या दाराकडे बघत राहिलो.

दुपार कलल्यावर डॉक्टर बाहेर आले. “सब बढ़िया हुआ,” म्हणाले. मी भिंतीला टेकून, आजूबाजूला कोण आहे न बघता, ढसाढसा रडले. इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. आई रडली नाही. तिला काचेतून बाबांना बघू दिलं. छाती वरखाली होते आहे, हे तिने पुरेसा वेळ उभं राहून पाहिलं.

परत आली, पदर सारखा केला, आणि सकाळपासून पहिल्यांदा तिच्या आवाजात तिचा नेहमीचा हुकूम आला.

“तुझ्या त्या देवाले सांग, आता आत जाऊन बस म्हणा त्यायच्याजवळ. मले नाही लागत. मी चहा पिऊन येते.”