दोन आण्यांवरचा अंगठा

मंडळी, इथे नाणी जमवणारे बरेच आहात, म्हणून तुम्हालाच विचारते.

आज दुपारी माझं पहिलं प्रूफ नाणं पार्सलने आलं. दशमान पद्धतीच्या आधीचं, दोन आण्यांचं. टांकसाळीने खास संग्राहकांसाठी आरशासारखं पाडलेलं, बाजारात कधीच न फिरलेलं. बरेच महिने शोधत होते.

नोकरीसाठी भूमला येऊन वर्ष झालं, पण ते कुणाला दाखवावं हे सुचेना. शेवटी शेजारच्या सुमनमावशींना हाक मारली. त्या सत्तरीच्या पुढच्या आहेत. मी हातमोजे घालून डबी उघडली. काही सांगायच्या आत त्यांनी नाणं उचललंसुद्धा.

“दोन आणे व्हय गं! आमच्या लहानपणी याच्या लई रेवड्या यायच्या. हे कुणी खर्चलं न्हाय वाटतं?”

“नाही मावशी. आजवर कुणाच्या हातातच गेलं नाही.”

“अगं बया! मग इतकी वर्षं केलं तरी काय बिचाऱ्यानं?”

मी चहा ठेवला. चहा पिऊन त्या हसत घरी गेल्या.

नाण्यावर त्यांच्या अंगठ्याचा ठसा स्पष्ट दिसतोय. असिटोनमध्ये बुडवलं तर आज निघेल. तसाच राहू दिला तर हळूहळू धातूत कायमचा उतरेल आणि नाणं प्रूफ म्हणून बाद होईल.

बाटली समोर आहे. झाकण अजून उघडलेलं नाही. या खोलीत माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाचा ठसा उमटलेली ही पहिलीच वस्तू आहे.

तुम्ही काढला असता का?