घरातली एकटी अकुशल

बारावी झाल्यावर मी बोईसरच्या एका कारखान्यात कंत्राटदारामार्फत पॅकिंगला लागले, तेव्हा गळ्यात घालायला गेटपास मिळाला. घरी येऊन मोठ्या तोऱ्यात तो आईला वाचून दाखवला. नाव, गाव आणि शेवटी, वर्ग: अकुशल.

आई बोंबील वाळत घालत होती. तिचा हात थांबला. "कोन मेला बोलला असा?"

तिचं काही चुकलं नव्हतं. आमच्या कोळीवाड्यात बोट बंदराला लागली की पहिला फोन येतो तो 'कुशल हाय' एवढाच. अकुशल हा शब्द तोंडातून काढणंसुद्धा अभद्र. कारखान्यात कुशल म्हणजे एखादं काम शिकलेला माणूस, आणि अकुशलला पगार सगळ्यात कमी, हे मी तिला समजावलं. ती आणखीच पेटली. "बारावी शिकवली ती काय फुकट? मंग मी कोन?"

"तू कशातच बसत नाहीस. तुला पगारच नाही."

हे मात्र तिला आवडलं. खरं तर चांगला बोंबील मिळाला की ती माझ्या पगाराला हसायची. पावसाळ्यात बोटी किनाऱ्यावर ओढल्या की घर माझ्या पगारावर चालायचं, तेव्हा हसणं बंद. एरवी, "बाप दर्यावरनं कुशल येतो, काका कुशल येतो, तू एकटीच अकुशल," हा टोमणा जेवताना रोज असायचा.

मला त्या शब्दाचा राग यायचा आणि भीतीही वाटायची. माझ्या शेजारी बसून कित्येक वर्षं खोकी भरणाऱ्या सालवडच्या बाईंच्या गेटपासवरही तोच शब्द होता. मला तिथंच राहायचं नव्हतं. नोकरी सोडून मी आयटीआयला वेल्डिंग शिकायला गेले. वर्षभर पगार नाही. आई सकाळी मासळी विकायला बसायचीच, आता संध्याकाळच्या बाजारालाही बसू लागली आणि ते तिनं एकदाही बोलून दाखवलं नाही. टोमणे तेवढे चालू ठेवले, म्हणून बरं वाटायचं.

मग त्याच कारखान्यात वेल्डरच्या जागेसाठी परीक्षा दिली. मी जोडलेली पट्टी फोरमन वाकवून बघणार होता. जोड उघडला तर पुन्हा पॅकिंगला. पट्टी वाकत होती तेव्हा माझ्याच्यानं तिकडे बघवेना. त्यानं ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, "चलेगा." मला तिथंच रडू फुटलं.

नवा गेटपास घेऊन मी तडक पालघरच्या मासळीबाजारात गेले. पगार किती वाढला ते आईनं विचारलंसुद्धा नाही. सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशी ओरडली, "माजी पोर कुशल झाली गो!"

शेजारी बसलेल्या कोळणीनं काळजीनं विचारलं, "अगो बाय, आजारी व्हती काय?"

"नाय गो," आई म्हणाली, "बारावी पास व्हती."