कार्बनच्या दांडीची डागडुजी

माझ्या मोठ्या भावानं सायकल चालवली ती नववीपर्यंत, आणि तीही कुरकुरत. देऊळघाटाहून बुलढाण्याच्या शाळेत वडिलांच्या जड काळ्या सायकलवर यायचं म्हणजे त्याच्या जिवावर यायचं. पुढे त्यानं बुलढाण्यात कृषी सेवा केंद्र काढलं. आधी मोटारसायकल आली, मग चारचाकी आली, आणि सायकल हा गरिबाचा आजार असावा तसा तो तिच्याबद्दल बोलू लागला. त्यामुळे पन्नाशीला टेकल्यावर तो कार्बन फायबरची सायकल घेऊन माझ्या दारात उभा राहिला, तेव्हा मला वाटलं, डॉक्टरनं सांगितलं असेल.

डॉक्टरनंच सांगितलं होतं, पण तब्येतीसाठी नाही. गावातल्या काही डॉक्टरांनी, एका वकिलानं आणि एका रस्त्याच्या कंत्राटदारानं मिळून सायकल क्लब काढला होता. रविवारी सकाळी ही मंडळी अंगाला चिकटलेले रंगीबेरंगी कपडे घालून राजूर घाट उतरायची आणि चढताना निम्मीअधिक मागून येणाऱ्या गाडीत बसायची. दादाला त्या मंडळींत उठबस हवी होती. बीटी कपाशीच्या पिशव्या भरपूर खपवल्या म्हणून एक बियाणे कंपनी त्याला परदेशी फिरायला नेणार होती. त्यानं त्याऐवजी ही सायकल मागून घेतली. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो ती एका बोटावर उचलायला लावायचा. पिशव्या विकत घेणारेही ती उचलून पाहायचे आणि "लय हलकी हाय" म्हणून निघून जायचे.

आणि हा हलकेपणाच तिला भोवला. गोदामात खताच्या थप्पीला ती टेकवून ठेवली होती. वरचं एक पोतं घसरलं आणि सीटपासून हँडलपर्यंत जाणाऱ्या आडव्या दांडीवर पडलं. क्लबात मात्र दादानं सांगितलं, की घाटात वळणावर बकरी आडवी आली, तिला वाचवताना पडलो. लोकांनी त्याच्या गुडघ्याला लावलेली पट्टीही पाहिली. पट्टीखाली काही नव्हतं, हे मला वहिनीनं सांगितलं.

मी तेव्हा कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत होते. विज्ञान प्रदर्शनांसाठी रेझिन आणि फायबरच्या कापडाची मॉडेलं मी बरीच केली होती, म्हणून दादा माझ्याकडे आला. त्याला घाई होती, कारण दिवाळीनंतर क्लबाची बुलढाण्याहून देऊळगाव राजापर्यंत सायकल फेरी निघणार होती. कशासाठी, विचारलं.

"शेतकऱ्यासाठी," तो म्हणाला.

"म्हणजे शेतकरी काय करणार?"

"तो पाहीन ना. आपन त्याच्या दुःखात सामील हाओत म्हनून चालवून राह्यलो."

त्या वर्षी गुलाबी बोंडअळीनं पऱ्हाटी, म्हणजे उभी कपाशी, आतून पोखरली होती. ज्या बियाण्याला अळी लागणारच नाही म्हणून दादानं वर्षानुवर्षं पिशव्या विकल्या, त्याच झाडांच्या बोंडांत अळ्या वळवळत होत्या. लोक फवारणीवर फवारणी करत होते. ती औषधंही दादाच्याच दुकानातली. त्यांच्या दुःखात सामील व्हायला त्याला आता सायकल हवी होती.

तरी मी काम घेतलं. खरं सांगायचं तर मला ते काम पाहायचं होतं. कार्बनची तुटलेली दांडी मी कधी हातात धरली नव्हती.

एक नाणं घेऊन मी दांडीभर हलकेच ठोकत गेले. धड जागेवर टणक आवाज येत होता, फुटलेल्या जागेपाशी तो बद्द होत होता. भेग वरून नखाएवढी दिसत होती, पण आवाज वीतभर बिघडला होता. तिथला रंग घासून काढायचा, खराब धागे काढायचे, दोन्हीकडे उतार द्यायचा, मग रेझिनमध्ये भिजवलेलं कार्बनचं कापड आडवं-तिरपं गुंडाळून वरून जुन्या ट्यूबच्या पट्ट्या करकचून आवळायच्या, म्हणजे जास्तीचं रेझिन बाहेर येतं आणि थर एकजीव होतात. हे सगळं मी पडवीत मांडलं.

घासायला बसायच्या आधी मी दादाला एवढंच म्हटलं, की ही भुकटी छातीत गेली तर वाईट, अंगाला लागली तर खाज सुटते. पुढच्या वेळी तो आला तो कारखान्यातला साहेब होऊन. दोन बाजूंना डबे असलेला रबरी मास्क, कोपरापर्यंत हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, लांब बाह्यांचा कोट. मास्कमधून बोलताना त्याचा आवाज घागरीतून आल्यासारखा यायचा. घासायचं काम मीच करत होते. तो खुर्चीवर बसून तोंड झाकून पाहत होता.

रेझिन कालवायची वेळ आली तेव्हा मात्र त्याला राहवलं नाही. मी आत पाणी आणायला गेले, तेवढ्यात त्यानं सगळं रेझिन मगात ओतलं आणि वरून हार्डनर हवं त्याहून कितीतरी जास्त घातलं.

"असं काऊन केलं?" मी विचारलं.

"डबल टाकलं म्हनजे लवकर आवळते."

प्लास्टिकचा तो मग हातातच तापला. मी तो अंगणात ठेवेपर्यंत त्यातून धूर निघाला, प्लास्टिक वेडंवाकडं झालं आणि पिवळा गोळा कडकडत फुटला. दुकानात दादा शेतकऱ्यांना हेच सांगायचा. एका औषधानं अळी मरत नसेल तर दोन एकत्र करा, झाकणभर जास्त टाका. सायकलच्या बाबतीत मगभर रेझिनच वाया गेलं. मी त्याला तसं म्हटलं, तर तो म्हणाला, "ते वायलं, हे वायलं." रेझिन नव्याने मागवावं लागलं.

नवं रेझिन आलं, मी पहिला थर गुंडाळत होते, दादा मास्क लावून बसला होता, तेव्हा देऊळघाटची खाला आली. तिला आम्ही खाला, म्हणजे मावशी, म्हणायचो; तिचं शेत आमच्या वडिलांच्या शेताला लागून. आम्ही लहान असताना तिच्या बांधावरची बोरं खाल्लेली. ती दुकानात गेली होती, तिथे कळलं की शेठ बहिणीकडे आहेत, म्हणून ती चालत इथं आली. पदराची गाठ सोडून तिनं पाच-सहा बोंडं दादाच्या पुढ्यात स्टुलावर ठेवली. एक उकलून दाखवलं. आत काळा पडलेला कापूस आणि मधे गुलाबी अळी.

"हे पाय भाऊ. याले अळी लागत नाही म्हनला होता तू."

"मशागतीत फरक पडला असंन," दादा मास्कमधूनच म्हणाला. "सगळ्यायचंच तसं नाही."

"सगळ्या गावाचं तसंच हाये." खालानं त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं. "हे तोंडाले काय बांधलं?"

"भुकटी असते. छातीत जाते. डेंजर हाये ते."

"भुकटी कोठं हाये?"

त्या दिवशी भुकटी नव्हतीच, घासायचं काम आधीच संपलं होतं.

खाला बसली नाही. उभ्या उभ्याच म्हणाली, "माया पोऱ्या तुयाच दुकानातून औषध घेऊन गेला. डोक्याच्या वर पऱ्हाटी, त्यात शिरून फवारत व्हता. सांजच्याले ओकाऱ्या, डोयाले दिसे नाही. सरकारी दवाखान्यात न्यावा लागला. त्यानं तुले इचारलं व्हतं ना, काही बांधा लागते का म्हनून? तू काय म्हनला?"

दादा म्हणाला, "डब्यावर लिव्हलेलं असते सगळं. वाचाले पाहिजे."

"तू म्हनला, काही होत नाही, वाऱ्याच्या दिशेनं चाल. तो आजून थरथरते. चहाचा कप धरता येत नाही त्याले."

माझे हात रेझिनमध्ये होते. ते आवळायला लागायच्या आत थर संपवणं भाग होतं, म्हणून मी गुंडाळत राहिले, आणि गुंडाळता गुंडाळताच दादाला म्हटलं, "तो मास्क काढ अन् तिच्याशी धड बोल."

त्यानं काढला. पण बोलला ते असं: "दुकानात ये खाला, काहीतरी करू आपन."

खालानं बोंडं उचलली नाहीत. "राहू दे, तुले कामाले येतीन," म्हणाली आणि गेली.

गच्चीवरच्या ऑक्टोबरच्या उन्हात दांडी टणक झाली. पट्ट्या सोडल्या, घासून सारखी केली, वर चकचकीत थर दिला. नाण्यानं ठोकलं तर दुरुस्त जागा बाकीच्या दांडीपेक्षा घट्ट वाजत होती. असं काम माझ्या हातून पुन्हा झालेलं नाही. सायकल देताना मी दादाला एक अट घातली, की त्याच्याजवळ होता तसला मास्क दुकानात ठेवायचा आणि औषधाच्या डब्याबरोबर द्यायचा. "हाव, देतो ना," तो म्हणाला.

त्यानं दिले. फेरीच्या दिवशी. दुकानाचं नाव छापलेले पांढरे कापडी मास्क, ज्यातून औषधाचा वास तर सोडाच, सिगारेटचा धूरही अडणार नाही. डॉक्टरांच्या हातून चार शेतकऱ्यांना ते बांधले, फोटो काढले. फोटोतल्या डॉक्टरांपैकी एकानंही कापडाला हात लावून पाहिला नसावा. क्लबातल्या कुणीतरी दादाला सांगितलं होतं, की जोडलेल्या कार्बनचा भरवसा नसतो. त्यामुळे सायकल जीपच्या टपावर बांधून गेली आणि दादा जीपमध्ये बसून गेला. देऊळगाव राजाच्या वेशीवर तो उतरला, हेल्मेट घातलं आणि बालाजीच्या मंदिरापर्यंत चालवत गेला. तिथे हार घातले. भाषणात त्यानं बकरीची गोष्ट पुन्हा सांगितली. या खेपेला बकरी गाभण होती.

खालानं पऱ्हाटी उपटून चुलीला लावली आणि हरभरा पेरला. पुढच्या वर्षी तिनं सोयाबीन आणि तूर घेतली. पोरगा हळूहळू सावरला, पण पाठीवर फवारणीचा पंप परत घेतला नाही. खाला मात्र गप्प बसली नाही. देऊळघाटात कुणाच्या घरी लग्न असो, मयत असो, ती दादाच्या मास्कची हकिकत सांगायची, पडवीत भुकटी नसताना तो कसा तोंड बांधून बसला होता ते करून दाखवायची. बायका हसायच्या आणि घरी जाऊन नवऱ्यांना सांगायच्या. गावातलं बरंचसं गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात गेलं. तिथेही तेच डबे आणि तेच "काही होत नाही" होतं, हे मला माहीत आहे.

दादा म्हणतो, त्याच्या धंद्याविरुद्ध राजकारण झालं. सायकल त्यानं कंत्राटदाराच्या जावयाला देऊन टाकली. दांडी कुठून जोडली आहे ते जावयाला सांगितलंस का, असं मी विचारलं.

"काऊन सांगू?" तो म्हणाला. "दिसते काय कोनाले?"