भैय्यालालची हंगेरी

दिनांक ११ मार्च १९७८. रुपये चार हजार तीनशे सतरा, पैसे पन्नास. भंडाऱ्याच्या ज्या पतसंस्थेत मी तेव्हा हिशेबनीस होतो, तिथून भैय्यालालने त्या दिवशी आपल्या खात्यातली ही सगळी रक्कम काढून घेतली. कशासाठी, असे विचारले तर म्हणाला, "भाऊ, कारध्याले हंगेरी करून राहिलो." कारधा म्हणजे वैनगंगेकाठचे गाव. एखाद्याने विहीर खोदून राहिलो म्हणावे, इतक्या सहज.

भैय्यालाल आमच्याच आळीतला. कोष्ट्यांचे घर. वडील शेवटपर्यंत हातमागावर बसले. थोरला भाऊ मोतीलाल याने बाजारात साड्यांचे दुकान काढले आणि ते चालवून दाखवले. भैय्यालालने काहीच चालवून दाखवले नव्हते. आधी रेडिओदुरुस्ती केली, मग मधमाश्या पाळल्या, मग तुमसरच्या राइस मिलांतला कोंडा नागपूरला नेऊन विकायचे ठरवले. कोंडा वाटेत पावसाने भिजला, मधमाश्या उडून गेल्या आणि रेडिओंचे मालक आळीत येऊन ओरडून गेले. प्रत्येक वेळी निस्तरले मोतीलालने. याला त्याची लाज वाटल्याचे मला तरी दिसले नाही. उलट दुकानाच्या गादीचाच त्याला तिटकारा. "दिवसभर बायांपुढं पदर उलगडाचे अन् पुन्हा घड्या घालाच्या. हे काय जिनं आहे, भाऊ?" ज्या घड्यांवर त्याच्या घरची चूल पेटत होती, त्या घड्यांविषयी हे बोलणे.

त्या आधीच्या हिवाळ्यात मोतीलालने त्याला हातमागाचा माल घेऊन दिल्लीच्या एका प्रदर्शनाला पाठवले होते. शेजारच्या मांडवात हंगेरी देशाचे दालन होते. तिथे दिवसभर एकच फिल्म दाखवत, आणि भैय्यालाल दिवसभर तीच पाहत बसे. आपल्या साड्या शेजारच्या दुकानदाराच्या भरवशावर टाकून. परत आला तो एक रंगीत पुस्तिका घेऊन. ती इंग्रजीत असल्यामुळे वाचून दाखवायचे काम माझ्यावर आले.

पुस्तिकेत काय होते ते मी नीट सांगतो, कारण त्यात हसण्यासारखे काही नव्हते. हंगेरीच्या लोकांचे पूर्वज हजार वर्षांपूर्वी घोड्यांवरून त्या देशात उतरले. तिथल्या मोठ्या गवताळ मैदानावर घोडे राखणाऱ्यांच्या पिढ्यांमागून पिढ्या गेल्या. हे राखणदार निळे, घेरदार कपडे घालतात आणि लांब चाबूक हवेत वाजवतात. घोड्याला खूण केली की तो जमिनीवर आडवा पडतो. पूर्वी शत्रूच्या नजरेतून लपण्यासाठी तसे शिकवत. त्यांच्या खोगिराला पोटाखालचा पट्टाच नसतो, म्हणजे उठून पळायची वेळ आली तर बांधाबांधीत वेळ जात नाही. एक स्वार दोन घोड्यांच्या पाठींवर एकेक पाय ठेवून उभा राहतो आणि पुढे आणखी तीन घोडे हाकतो. सरकारी पागांमध्ये घोड्यांच्या वंशावळी जपलेल्या आहेत. आता परदेशचे पाहुणे पैसे देऊन तिथे सुट्टी घालवायला येतात, खेड्यात राहतात आणि दिवसभर घोड्यावर हिंडतात.

भैय्यालालने यातले शेवटचे वाक्य तेवढे ऐकले. "मैदान आपल्याकडं बी आहे, भाऊ. वैनगंगेची रेती. पाहुणे नागपूरले आहेत. राहिले फक्त घोडे."

हजार वर्षे राहिली, हे मी त्याला सांगितले. ते त्याच्या कानापर्यंत पोचले नाही.

घोडे म्हणजे कारध्याच्या सुखरामच्या तीन घोड्या. सुखरामचा धंदा नवरदेवांना घोडीवर बसवण्याचा. माणूस मोहाच्या दारूचा आणि दोन्ही हातांनी पैसे घेणारा. उभ्या मोसमाचे पैसे भैय्यालालकडून आगाऊ घेऊन त्याने घोड्या त्याच्या हवाली केल्या. त्या घोड्यांचे सगळे शिक्षण लग्नाचे. बँड वाजला की त्याच्या मागे चालायचे, ढोल घुमला की पुढचे पाय आळीपाळीने उचलून नाचायचे, आणि मांडवाच्या दाराशी जाऊन उभे राहायचे. नवरदेवाला ओवाळून झाले की तिथे भिजवलेली हरभऱ्याची डाळ मिळते. ती मिळेपर्यंत घोडी हलत नाही. चाबकानेही नाही.

भैय्यालालने दुकानातल्या निळ्या कापडाचा घेरदार पायजमा शिवून सुखरामपुढे टाकला.

"शेठ, हा घागरा कोनाचा?"

"तुह्या मापाचा आहे. हंगेरीत राखनदार असाच घालतेत."

"मंग त्याह्यलेच घाला. माही बायको पाह्यन त मले घरात घेईन का?"

शेवटी तो पायजमा भैय्यालालने स्वतःच घातला. पुस्तिकेतले चित्र दाखवून त्याने पट्टा नसलेले खोगीरही करवून घेतले होते. पहिल्याच दिवशी घोडी पुढे गेली आणि खोगीर, पायजमा व भैय्यालाल तिघेही रेतीत राहिले. डांगरवाडीत टरबुजे तोडणाऱ्या बाया काम टाकून पाहायला आल्या. एकजण म्हणाली, "अवो शेठ, पुन्हा एकडाव पडा ना, माह्या सुनेनं नाई पाह्यलं." दुसऱ्या दिवसापासून पट्टा आला. चाबकाचाही नाद, स्वतःच्या कानाला एकदा वेटोळे बसल्यावर, सुटला.

या सगळ्यात एकाच गोष्टीत दम होता, ती म्हणजे नागपूरचे दाणीसाहेब. ते एका मोठ्या क्लबाचे सेक्रेटरी. त्यांनी शब्द दिला असता तर दर हिवाळ्यात क्लबाची कुटुंबे कारध्याला आली असती. मोतीलालने धाकट्याला समोर बसवून सांगितले, "भैया, हे शेवटचं. साहेब माह्या तोंडावर हो म्हनले त मी तुले कधी दुकानात बोलावनार नाई. नाई म्हनले त दुसऱ्या दिवशी गादीवर येऊन बसाचं, अन् पुन्हा उठाचं नाई." भैय्यालालने आईची शपथ घेऊन ते कबूल केले. त्याच्या बायकोने, कुसुमताईने, त्या दिवशी मारुतीला नारळ बोलला. नवऱ्याच्या यशासाठी की नवरा गादीवर बसावा म्हणून, हे तिने कोणाला सांगितले नाही.

साहेबांना बोलावण्याचा दिवस भैय्यालालनेच ठरवला. एप्रिलचा शेवटचा रविवार. आता हा माणूस साड्यांच्या दुकानदाराचा भाऊ. लग्नांची दाट तिथी कोणती हे ज्याच्या घरात पोराटोरांना ठाऊक, कारण त्याच्या आठवडाभर आधी दुकानात पाय ठेवायला जागा नसते. त्या रविवारी एकट्या कारध्यात चार लग्ने होती. पण दुकानाकडे पाहायचेच नाही असे ठरवलेल्या माणसाला दुकानात गर्दी का आहे, असे विचारावेसेही वाटले नाही.

त्या चारपैकी एक लग्न श्यामरावांच्या मुलीचे. श्यामराव आमच्या संस्थेचे जुने सभासद, म्हणून मी मांडवात होतो. साड्या मोतीलालच्या दुकानातल्या, म्हणून तोही होता. वरात जानोशावरून, म्हणजे वऱ्हाड उतरले होते तिथून, निघाली तेव्हा नवरदेव ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत खुर्चीवर बसला होता, कारण सुखरामने या लोकांचेही पैसे घेऊन ऐनवेळी हात वर केले होते. वरबाप त्यामुळे आधीच तापलेला.

तिकडे रेतीवर दाणीसाहेब पुढच्या घोडीवर, त्यांच्या पत्नी सुमित्राबाई मधल्या घोडीवर आणि भैय्यालाल निळ्या पायजम्यात मागे, अशी स्वारी चालली होती. साहेबांना खादीची अर्धी चड्डी आणि उन्हाची टोपी. सगळे ठीक होते असे म्हणतात. मग गावात बँड सुरू झाला.

तिन्ही घोड्यांनी कान उभे केले आणि त्या काठ चढून गावाकडे वळल्या. सुखराम मागून ओरडत होता, "शेठ, आता नाई थांबत त्या! लगाम सोडा अन् धरून बसा!"

मांडवातून आम्हाला दिसले ते एवढेच, की ट्रॅक्टरच्या पुढे, बँडच्या मागे, एक चष्मेवाले गृहस्थ घोडीवर बसून येत आहेत. बँडवाल्यांना वाटले, उशिरा का होईना घोडी आली. त्यांनी आणखी जोर लावला. ढोल घुमला आणि घोडी नाचू लागली. साहेबांनी तिच्या मानेला मिठी मारली. ती त्यांना घेऊन नाचत नाचत थेट मांडवाच्या दाराशी येऊन उभी राहिली.

दाराशी ताट घेऊन श्यामरावांची थोरली बहीण देवकाबाई उभी होती. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. घोडीवर जो बसला तो नवरदेव, एवढे तिला पुरे. तिने वर हात करून साहेबांना कुंकू लावले आणि ओवाळायला लागली.

"अवो आत्याबाई," एक पोरगी किंचाळली, "हा त नवरदेवाचा आजा दिसते!"

"आजा असो का पनजा असो," देवकाबाई म्हणाली, "ताटात टाकल्याबिगर मी सोडत नसते."

साहेबांनी खिसे चाचपले. पाकीट भैय्यालालने रेतीवर ठोकलेल्या तंबूत. घोडी डाळ मिळेपर्यंत हलेना, देवकाबाई ताट हलवेना, आणि मागून ट्रॅक्टरवरून वरबाप उतरला.

"माह्या पोराले घोडी नाई भेटली, अन् हा कोन घोडीवर? आमी काय तमाशा पाहाले आलो का? चला रे, वापस फिरवा वरात!"

श्यामराव पागोटे काढून त्याच्या पायाशी वाकले. भैय्यालाल माझ्याकडे धावत आला. पायजमा दोन्ही हातांनी वर धरलेला. म्हणाला, "भाऊ, ताटात टाकाले द्या ना काही. साहेबाची इज्जत जाते." इज्जत कोणाची जात होती ते मांडवभर सर्वांना दिसत होते. मी खिशातून काढून दिले. त्याने ते साहेबांच्या वतीने ताटात टाकले, देवकाबाई बाजूला झाली, कोणीतरी घोडीला डाळ दिली आणि सुखरामने साहेबांना काखेत हात घालून खाली उतरवले. घोडीवर नवरदेवाला बसवले. वरबाप गप्प झाला.

"अरे सुखराम, साहेबाची सवारी अर्धी राह्यली ना!" भैय्यालाल म्हणाला. त्या क्षणीही त्याला तेच सुचले.

सुमित्राबाई एव्हाना बायकांत बसून जिलेबी खात होत्या आणि मला तर मजा आली, असे म्हणत होत्या. पण सेक्रेटरी त्या नव्हत्या. मोतीलाल साहेबांकडे गेला, हात जोडले आणि विचारले, "साहेब, कसं वाटलं?"

दाणीसाहेबांनी कपाळावरचे कुंकू रुमालाने पुसले. "आमच्या सभासदांना पाठवण्यासारखे हे नाही," ते म्हणाले.

मोतीलालने मान हलवली. भावाकडे वळून, आवाज न चढवता म्हणाला, "भैया, उद्या नऊले दुकान उघडते."

 पायजमा खाली सोडून भैय्यालाल मांडवाच्या खांबाला टेकून उभा राहिला. पंगत बसली तेव्हा कोणीतरी त्याला ओढून पानावर बसवले आणि तो जेवला.

त्याने शब्द पाळला, एवढे त्याच्या बाजूने लिहिले पाहिजे. त्या गोष्टीला आता दहा वर्षे होतील. तो रोज गादीवर असतो. विक्रेता म्हणून सामान्य आहे. बायांपुढे पदर उलगडतो, आणि गिऱ्हाईक बाहेरगावचे असले तर हंगेरीतले लोक दोन घोड्यांवर कसे उभे राहतात हे सांगू लागतो. बाया साडीचा भाव विचारतात. मोतीलाल तिकडून खाकरतो, तेव्हा हा भाव सांगतो आणि घडी घालतो. दाट तिथीला बाहेरून वरात जाते, घोडी नाचत जाते. गिऱ्हाईक सोडून त्याला दारापर्यंतही येता येत नाही.

श्यामरावांच्या मांडवात ओवाळणीसाठी माझ्याकडून घेतलेले अकरा रुपये त्याच्याकडून अजून येणे आहेत.