निजाम गेल्यानंतरची भीती

मागच्या आठवड्यात फोनवर तुम्ही विचारलंत, आजी, राजाविरुद्ध लोक उठतात त्याची कारणं आणि परिणाम लिहायचे आहेत, तू इतिहास शिकवायचीस ना? शिकवत होते. फळ्यावर मधोमध रेघ मारून डावीकडे कारणं, उजवीकडे परिणाम, असं नीट लिहायची माझी सवय. पण एका उठावाचे परिणाम मी आमच्या घरात पाहिले, आणि ते फळ्यावर मला कधी लिहिता आले नाहीत. ते तुमच्यासाठी लिहिते.

माझं लग्न ढाणकीत झालं. माहेर यवतमाळचं, वकिलाचं. मी अमरावतीला बी.ए. केलेलं, इंग्रजी घेऊन. ढाणकीच्या दक्षिणेला पैनगंगा वाहते. त्या नदीपलीकडे १९४८ पर्यंत निजामाचं राज्य होतं. १९५६ च्या नोव्हेंबरात दोन्ही काठ एकाच राज्यात आले, त्यानंतर दोन वर्षांनी मी सून म्हणून आले. तोवर निजामाचं राज्य जाऊन दहा वर्षं झाली होती.

तिथल्या लोकांची तक्रार साधी होती. जमीन जहागीरदारांची, राबायचं कुळांनी. शाळा आणि कचेरी उर्दूत, घरात मराठी किंवा तेलुगू. राज्य कसं चालावं हे विचारायची सोय नाही. देश स्वतंत्र झाला तेव्हा निजाम म्हणाला, मी वेगळा राहणार. लोक उठले. त्यातली कितीतरी पोरं नदी ओलांडून आमच्या बाजूला येत, इथे राहत, पुन्हा पलीकडे जात. निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्या त्यांना भाकर देणारी घरं शोधून जाळत. मग भारताचं सैन्य आलं आणि निजाम शरण गेला. पुस्तकात हा धडा इथे संपतो.

माझ्या सासूबाई पलीकडच्या. मी त्यांना मामी म्हणत असे. त्यांच्या घराने त्या पोरांना भाकर दिली होती. घर पेटलं तेव्हा सासरे गुरं सोडायला मागे थांबले आणि पुन्हा कोणाला दिसले नाहीत. मामी मुलाला, म्हणजे तुमच्या आजोबांना, घेऊन नदी उतरून आल्या.

लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी मागच्या दाराशी एक गाठोडं पाहिलं. धुवायचे कपडे समजून सोडायला गेले, तर मामींनी हात धरला. आत एक लुगडं, गुळाचा खडा, फुटाणे, काडेपेटी, तांब्या आणि त्या दिवशीची ताजी भाकर. रोज संध्याकाळी त्या नवी भाकर बांधून ठेवत. कालची शिळी भाकर सकाळी तेल-तिखट लावून मी खात असे. पहिल्यांदा मला हसू आलं होतं. पुढे पुढे, भाकर बांधायला उशीर झाला की माझंच चित्त थाऱ्यावर राहत नसे.

आमच्या घराचा अर्धा भाग भाड्याने दिलेला होता. तुमचे आजोबा कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेब पाहत, आणि तिथलं ऑइल इंजिन सांभाळणारा मिस्त्री बायको आणि लहान मुलीसह आमच्या भिंतीपलीकडे राहत होता. मुसलमान कुटुंब. त्याची बायको माझ्याच वयाची. मी तिला भाभी म्हणायची, तीही मला भाभीच म्हणायची. दुपारी आम्ही दोघी ओट्यावर ज्वारी निवडत बसायचो.

एकदा मी तिच्याकडे विरजण मागायला गेले. तिच्या मागच्या दाराशी गाठोडं होतं.

माझी नजर तिने पाहिली. म्हणाली, "हसू नका भाभी. आदत है."

तीही पलीकडचीच निघाली, मामींच्याच तालुक्यातली. निजाम शरण गेल्यावर तिच्या गावात सूड घ्यायला माणसं आली. कोण टोळीत होतं आणि कोण नव्हतं, हे कोणी विचारलं नाही. तिचे वडील पिंजारी, गाद्या भरणारे. त्यांना आणि भावाला ओढून नेलं. ती आईबरोबर ज्वारीत लपली होती.

हे मी घरी बोलले नाही. पण गावात गोष्ट झाकून राहत नाही. दसऱ्याच्या सुमाराला मामींना कळलं की भिंतीपलीकडचे लोक त्यांच्याच तालुक्यातले आहेत. त्यांनी जेवण टाकलं.

"त्यांना दिवाळीपर्यंत घर खाली करायला सांग," त्या मुलाला म्हणाल्या.

"आई, तो इंजिनातला माणूस आहे. त्यानं कोणाचं काय केलं?"

"तुला काय माहीत? तू तवा पोर होतास. भिंतीला कान लावून झोपते मी."

"अन दिवाळीनंतर जिनिंग सुरू झाल्यावर इंजिन कोण चालवील? तू?"

"चालवीन," मामी म्हणाल्या. "पण त्यांना काढ."

तुमच्या आजोबांनी ऐकलं. मिस्त्रीला निरोप गेला. भाभी ओट्यावर यायची थांबली. भिंतीपलीकडून भांडी हलवल्याचे आवाज येत. एकदा घर सोडून पळालेल्या बाईला पुन्हा घर सोडायला लागणार होतं, आणि ते माझ्या घरामुळे. मामींना समजवावं असं वाटे, पण त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं की मी पुन्हा चुलीकडे वळे.

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली होती. तुमचे आजोबा आणि मिस्त्री दोघेही इंजिनाचे सुटे भाग आणायला यवतमाळला गेले होते. तुमचे बाबा तेव्हा माझ्या पोटात, सहावा महिना. दिवेलागणीला मी चुलीपुढे होते. नदीच्या अंगाने डफडी वाजू लागली. मग आरडाओरडा, खूप माणसांचा. मग बंदुकीचा बार.

मामी उठल्या. ओरडल्या नाहीत. तांब्यातलं पाणी चुलीत ओतलं, कंदील फुंकला, विळा घेतला, गाठोडं काखेत मारलं आणि मला एवढंच म्हणाल्या, "चल."

मी प्रश्न विचारला नाही. मी शिकलेली मुलगी, दहा वर्षांपूर्वी काय झालं आणि आज काय होऊ शकतं यातला फरक मला कळत होता. पण पाय मामींच्या मागे निघाले होते. आम्ही अनवाणी मागच्या ज्वारीत शिरलो. ताटं डोक्यापेक्षा उंच. पानं गालावर घासत होती. आत जाऊन मामींनी मला सरीत बसवलं. एका हाताने त्यांनी माझं मनगट धरलं होतं, दुसऱ्या हातात विळा होता. डफडी जवळ येत होती.

मग आमच्या बाजूलाच पानं हलली.

मामींचा विळा वर गेला. आणि एका लहान मुलीचं मुसमुसणं ऐकू आलं. ते मला ओळखीचं होतं.

"भाभी?" मी कुजबुजले.

मग अगदी हळू, "कौन? भाभी?"

ती दोन सऱ्यांपलीकडे होती, मुलगी छातीशी, गाठोडं पायाशी. मामींनी विळा खाली घेतला नाही.

"तू काहून पळालीस?" त्या म्हणाल्या. "ते तुझेच लोक आहेत ना?"

"हमारे?" भाभी म्हणाली. "अम्मा, मैं तो समझी तुम्हारे लोग आये."

त्या वेळी कोणालाच हसू आलं नाही. पुन्हा बार झाला, आणि मुलगी रडायला लागली. मामींनी विळा खाली टाकला; त्यांचा आणि भाभीचा हात एकदमच आपापल्या गाठोड्यात गेला. दोघींनी गुळाचा खडा काढला. भाभीचा एक हात मुलीत गुंतलेला; मामी पुढे सरकल्या, त्यांचा खडा आधी पोचला. त्यांनी तो मुलीच्या तोंडात घातला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. आम्ही चौघी तशाच बसलो, एकमेकींना टेकून.

बाहेरच्या वाटेने माणसं हसत बोलत गेली. त्यातला एक, आमच्या ओळखीचा शेतकरी, दुसऱ्याला म्हणत होता, "तीन डुकरं पळाली ना बे! तुया नेमानं एकबी मेलं नाही." नदीकाठच्या दोन गावांनी मिळून ज्वारीत घुसणाऱ्या रानडुकरांना डफडी आणि बंदुकीने हुसकायला हाका काढला होता. अलीकडचं एक गाव, पलीकडचं एक.

आम्ही बाहेर आलो तेव्हा त्याने कंदील वर केला.

"काकू, तुमी डुकराच्या हाक्याले पळाल्या? डुक्करबी एवढं पळालं नाही!"

मामी त्याच्याकडे न पाहता घरात गेल्या. त्या रात्री दोन्ही घरांत पुन्हा चूल पेटली नाही. आम्ही फुटाणे खाल्ले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्वतः भिंतीपलीकडे गेल्या. मी मागोमाग गेले. भाभीने अर्धी भांडी पोत्यात भरली होती.

"राहू दे," मामी म्हणाल्या. "जायचं काम नाही."

भाभीने हातातलं पोतं खाली ठेवलं. मग म्हणाली, "अम्मा, एक बात सच बोलना. कल सचमुच कोई आते, और तुमको पूछते हम कहाँ छुपे हैं. तुम बताते क्या?"

मला वाटलं, मामी म्हणतील, छे गं. तसंच म्हणायचं असतं. मामींनी दाराची चौकट धरली.

"माहीत नाही," त्या म्हणाल्या. "त्या वक्ताला मी काय करीन, मलाच माहीत नाही."

भाभीने मान हलवली. "मेरेकू भी नै मालूम." आणि तिने पोत्यातली परात बाहेर काढून चुलीजवळ ठेवली.

दिवाळी झाली. मिस्त्री आणि त्याची माणसं तिथेच राहिली. त्यानंतर मामींनी एक सुतार बोलावला आणि दोन घरांमधल्या भिंतीत लहान दार पाडायला सांगितलं. पुन्हा कधी वेळ आली तर ज्वारीत एकमेकींना चाचपडत शोधायला नको, एवढंच त्या म्हणाल्या. दार बसलं. सुताराने विचारलं, कडी कोणत्या अंगाला?

"माझ्या," मामी म्हणाल्या.

"मेरे भी," भिंतीपलीकडून भाभी.

सुतार हसला. "दोन्हीकून कड्या लावाच्या, मंग दरवाजा कायले पायजे?"

पण त्याने दोन्हीकडे कड्या बसवल्या. दिवसा ते दार उघडं असे, भाभीची मुलगी पळत आणि पुढे तुमचे बाबा रांगत त्यातून ये-जा करत. दिवेलागणीला आधी आमची कडी वाजे, मग पलीकडची. मला आयुष्यात कोणी घरातून हाकललेलं नाही. तरी त्या दोन्ही कड्या वाजल्याचं ऐकल्याशिवाय मला चुलीपुढे बसायला धीर होत नसे.