दहा चौदाची घंटा

मुलांनो, तुमचे पणजोबा, म्हणजे माझे वडील, मुंबईच्या बंदरात एका वाफेच्या टगबोटीवर इंजिन चालवत. मोठ्या जहाजाला दोराने ओढून धक्क्याला लावणारी ती बुटकी, दणकट बोट. वडील तेव्हाही तिला म्हातारीच म्हणत. त्यांना समुद्र फारसा दिसलाच नाही. ते खाली बॉयलरशेजारी उभे असत. वरून कप्तान घंटेने हुकूम देई: पुढे, मागे, थांब. घंटा झाली की दांडा ओढायचा आणि भिंतीवरच्या घड्याळात पाहून वहीत वेळ टिपायची. वही वडील मराठीत लिहीत.

एका सकाळी जहाज आणताना टग धक्क्यावर आदळली. तिचं नाक चेपलं, एका खलाशाचा पाय गेला. चौकशीत कप्तान म्हणाला, ‘मागे’ची घंटा मी दहा वाजून दहा मिनिटांनी दिली, इंजिनवाला झोपला होता. वहीत ती घंटा दहा चौदाची होती. वडिलांनी वही पुढे केली. हे मराठी इथे कोण वाचणार, असं म्हणून चौकशीच्या साहेबाने ती उघडलीसुद्धा नाही.

नोकरी गेली. वडील वऱ्हाडात, आपल्या गावी जळगाव जामोदला परतले आणि पिठाच्या गिरणीवर लागले. भर बाजारात माझ्या चुलत्यांनी त्यांना विचारलं, “काऊन बे, पाण्यावर झोप चांगली लागते का?” माणसं हसली. त्या दिवशी घरी येऊन वडील मला म्हणाले, “पोरी, घंटा वाजली तवाच म्या दांडा ओढला. तू इंग्रजी शिक. वहीतलं हे पान त्यायले वाचून दाखव.”

मी पाचवीत होते. शिकले, पुढे इंग्रजीच शिकवलं. पण वाचून दाखवायचं कुणाला, हे कळण्याआधीच वडील गेले.

माझ्या निवृत्तीच्या वर्षी एका इंग्रजी वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीत त्या टगवर लेख आला. टग केव्हाच भंगारात गेली होती. लिहिणारा तोच कप्तान, पुण्यात सुखाने म्हातारा झालेला. भोंगा, कोळशाचा धूर, बंदरातल्या सकाळी, सगळं सुरेख लिहिलं होतं. मध्ये वाचकांना हसवायला झोपाळू वऱ्हाडी इंजिनवाला.

वर्तमानपत्राने माझं पत्र छापलं नाही. मग एका विद्यार्थिनीकडून मी कप्तानाचा पत्ता मिळवला. त्या पानाची झेरॉक्स, खाली माझं इंग्रजी भाषांतर आणि एकच प्रश्न: घंटा किती वाजता दिली? पाकीट रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीचं कार्ड जोडून पाठवलं, म्हणजे त्याला सही करावीच लागणार. उत्तर आलं नाही. पुढच्या वर्षी अपघाताच्या त्याच तारखेला तेच पाकीट. मग दरवर्षी. पोस्टमास्तर विचारत, “मॅडम, याही साली का?” मी मान हलवून तिकिटं सरळ रेषेत चिकटवायची.

कार्डावरची त्याची सही आधी ऐटदार होती, मग थरथरू लागली. ती थरथर पाहून मला बरं वाटायचं. हे तुमच्यापासून लपवत नाही.

आठव्या वर्षी त्याच्या सुनेचा फोन आला. पाकीट आलं की बाबा दोन दिवस जेवत नाहीत, आता थांबवा, म्हणाली. मी म्हटलं, “माझे वडील मरेपर्यंत मान खाली घालून जेवले.” आणि फोन ठेवला.

अकराव्या कार्डावर सहीखाली त्याने इंग्रजीत लिहिलं होतं: ‘दहा चौदा. आता कृपा करा.’

त्याची प्रत वर्तमानपत्राला पाठवली. या वेळी त्यांना छापावंच लागलं. चुलते वारले होते, म्हणून त्यांच्या मुलांना गाठून ते कार्ड मराठीत वाचून दाखवलं, त्याच बाजारात, मोठ्याने. कुणी हसलं नाही.

बाराव्या वर्षी तारीख आली तेव्हा मी पुन्हा पाकीट पाठवलं. ते न उघडता परत आलं, वर शेरा: घेणारा मयत.

वही, अकरा कार्डं आणि ते बंद पाकीट माझ्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात आहे. आजीने शेवटी त्याला माफ केलं, असं कुणी सांगू लागलं, तर त्या पाकिटावरची तारीख दाखवा.